ओलाव्याचे माप

मराठीत ‘सादळणे’ असे एक नेमके क्रियापद आहे. कोकणात आषाढ लागला की पापड सादळतात, काडेपेटीतील गूल सादळतो, मीठ बरणीतच पाणी सोडते, आणि कपाटात टांगलेल्या चामडी पट्ट्यावर चार दिवसांत पांढरी बुरशी धरते. याउलट वैशाखातला विदर्भ पाहावा. तेथे दाराच्या फळ्यांत फटी पडतात, जुन्या पुस्तकाचे पान उलटताना मोडते, आणि दोरीवर टाकलेला पंचा पाठ वळवेपर्यंत वाळून खडखडीत होतो. या दोन टोकांविषयी आपण बोलतो, कुरकुरतो, उपाय शोधतो. वस्तू वाळतही नाही आणि सादळतही नाही, अशी जी मधली अवस्था असते, तिची मात्र फारशी दखल घेतली जात नाही. कारण तिच्याविषयी कोणाची तक्रार नसते. वाचकहो, या मधल्या अवस्थेविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. त्यासाठी माझ्याजवळ असलेले निमित्त थोडे अनपेक्षित आहे: सिगारची एक पेटी.

मी धूम्रपान करीत नाही, आणि तुम्ही करावे असेही मला वाटत नाही. तरीही गेली अनेक वर्षे माझ्या घरात सतरा सिगार आहेत आणि त्यांचा सांभाळ मी करते. सिगार ही वस्तू परकी वाटेल. पण तिचे एक नाव आपल्या भाषेत केव्हाच रुळले आहे. ‘चिरूट’ हा शब्द तमिळमधील ‘सुरुट्टु’पासून आलेला. ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळलेली वस्तू. तिरुचिरापल्लीचे चिरूट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडपर्यंत इतके पोहोचले होते, की १८८७ साली अवतरलेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत तो राखेवरून त्या चिरुटाची ओळख पटवतो. आणि तंबाखूचे पान ओलसर राखण्याची विद्याही आपल्याला नवी नाही. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया तेंदूची पाने कातरण्यापूर्वी भिजवून ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवतात. कोरडे पान वळत नाही, चिरते. विड्याची पाने तर आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या ओल्या फडक्यात राखत आल्या. पान जिवंत ठेवायचे तर त्याला पाणी द्यावे लागते, पण पाण्यात बुडवायचे नसते, हे घरातल्या बायकांना कोणत्याही पुस्तकाविना ठाऊक होते.

ही पेटी माझ्या मोठ्या मामांची. ते व्यापारी जहाजांवर इंजिनियर होते. साखर भरून घेण्यासाठी त्यांचे जहाज क्युबाच्या बंदरात थांबे, तेव्हा हवानाहून ते पंचवीस सिगारांची एक पेटी आणीत. एरवी जहाजावर साध्या सिगारेटी चालत. सिगार मात्र रजेच्या दिवसांतली, रविवारची, पडवीतली. हवानाच्या कारखान्यात त्यांनी पाहिलेली एक गोष्ट ते आम्हांला नेहमी सांगत. कामगार रांगेने बसून पाने वळत असतात आणि उंचावर बसलेला एक माणूस त्यांना मोठ्याने वाचून दाखवत असतो. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. ही प्रथा तेथे १८६५ च्या सुमारास सुरू झाली, आणि वाचणाऱ्याचे वेतन कामगार आपल्या कमाईतून देत. ‘मॉन्तेक्रिस्तो’ आणि ‘रोमिओ इ हुलिएता’ ही प्रसिद्ध सिगारांची नावे अलेक्झांडर ड्यूमा आणि शेक्सपिअर यांच्या कृतींवरून आली आहेत. साहित्याचे विद्यार्थी म्हणून तुम्हांला याचे अप्रूप वाटावे. ज्यांचे हात गुंतलेले आहेत त्यांचे कान मोकळे असतात, हे ओळखून तेथे साहित्य कामाच्या जागी गेले.

निवृत्तीनंतर मामा रत्नागिरीत स्थायिक झाले. काही वर्षांतच त्यांना धाप लागू लागली. फुप्फुसांचा जुनाट विकार, तोही तंबाखूमुळेच, असे निदान झाले आणि सारे ओढणे त्या दिवशी थांबले. त्या वेळी शेवटच्या पेटीत सतरा सिगार उरल्या होत्या. मी तेव्हा बँकेच्या नोकरीनिमित्त त्याच गावात राहत होते. मामांनी ती पेटी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “तू ओढत नाहीस, म्हणून तुझ्याकडे देतो. फेकून देऊ नकोस. आणि वाळू देऊ नकोस.” मामी आत उभ्या होत्या. घरात त्या वासाला त्यांनी कधी थारा दिला नव्हता. पण त्याही काही बोलल्या नाहीत.

‘वाळू देऊ नकोस’ एवढ्या तीन शब्दांत केवढे काम दडले होते, ते हळूहळू कळत गेले. तंबाखूचे पान तोडून, वाळवून, आंबवून, गुंडाळून झाले तरी त्याची हवेशी देवाणघेवाण संपत नाही. हवा दमट असेल तर ते ओलावा पिते, कोरडी असेल तर सोडते. सिगारीत भरणीची पाने असतात, त्यांभोवती बांधणीचे पान आणि सर्वांत बाहेर एक पातळ, तुकतुकीत पान. वाळलेली सिगार भरभर आणि तापून जळते, धूर कडवट व जहाल होतो, आणि बाहेरचे पान बोटाच्या दाबानेही तडकते. अति ओलसर झाली तर ती नीट पेटत नाही, ओढली जात नाही, पुन्हा पुन्हा विझते. पुढे तिच्यावर बुरशी चढते. म्हणून सिगार साठवणारे साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान राखण्याचा प्रयत्न करतात. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जितकी वाफ मावू शकते, तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेली वाफ. हवा तापली की तिची वाफ सामावण्याची शक्ती वाढते; म्हणून बंद डब्यात पाण्याचा एक थेंबही कमी न होता केवळ उन्हाने हवा ‘कोरडी’ होऊ शकते. ‘सापेक्ष’ हे विशेषण येथे शोभेसाठी आलेले नाही. तीच वाफ एका घरात पुरेशी असते आणि दुसऱ्या घरात अपुरी.

मामांची पेटी लाकडी होती. अशा पेट्यांच्या आत जे लाकूड लावतात त्याला ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात. गंमत अशी, की ते ना स्पेनचे, ना देवदाराच्या कुळातले. ते मध्य व दक्षिण अमेरिकेतले झाड, आणि त्याचे कूळ आपल्या कडुनिंबाचे. आपल्याकडचा तून वृक्ष त्याचा इतका जवळचा नातलग, की वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी या दोघांना एकाच प्रजातीत धरीत. धान्याच्या कणगीत कडुलिंबाचा पाला घालणाऱ्या आपल्या लोकांना, तंबाखूसाठी क्युबातल्यांनी त्याच कुळातले सुगंधी लाकूड निवडले, हे ऐकून बरे वाटेल. हे लाकूड दमट हवेत सहसा बुरसटत नाही, वेडेवाकडे होत नाही, आणि स्वतःही ओलावा धरून ठेवते. पेटी नवी असेल किंवा बराच काळ रिकामी राहिली असेल, तर आधी लाकडाची तहान भागवावी लागते. आत डिस्टिल्ड वॉटरची वाटी ठेवून पेटी आठवडा-दोन आठवडे मिटून ठेवायची. तसे न करता सिगार ठेवल्या तर त्यांच्यातलाच ओलावा लाकूड ओढून घेते. कोरड्या घरात पाहुण्याचेच पाणी आटते, असे म्हणा ना.

पाणी डिस्टिल्डच हवे. नळाच्या पाण्यातील क्षार ओलावा देणाऱ्या स्पंजाची छिद्रे बुजवतात, आणि अशा पाण्याने बुरशीलाही वाव मिळतो. आता मला जे सांगायचे आहे ते मी अलंकार न करता सांगते. आजाराच्या दुसऱ्या वर्षी मामांच्या घरी प्राणवायूचे यंत्र आले. त्या यंत्राला एक पारदर्शक बाटली जोडलेली असते. नळीतून येणारा कोरडा प्राणवायू तिच्यातील पाण्यातून बुडबुडत जातो, म्हणजे नाक आणि घसा कोरडा पडत नाही. त्या बाटलीतही डिस्टिल्ड वॉटरच घालायचे असते. दर शनिवारी मी औषधांच्या दुकानातून दोन बाटल्या घेई. एक मामांच्या श्वासासाठी, आणि एक त्यांच्या सिगारांसाठी. ज्या वस्तूने त्यांचा श्वास हिरावला, तिला आणि त्या श्वासाला मी एकाच दुकानाचे पाणी देत होते. या विसंगतीवर आम्ही दोघे कधी बोललो नाही. पण एकदा बाटली भरताना मामा नळीआडून हसले आणि म्हणाले, “तिकडे किती आहे?” मी म्हटले, “अडुसष्ट.” ते म्हणाले, “मग तिचे माझ्यापेक्षा बरे चालले आहे.”

आर्द्रतामापकाने अडुसष्ट दाखवले म्हणजे ते अडुसष्टच असेल असे नाही. छोटी घरगुती मापके थोडीफार चुकतात, म्हणून त्यांची परीक्षा घ्यावी लागते. ही परीक्षा तुम्हांलाही सहज करता येईल. बाटलीच्या एका झाकणात मीठ घ्यावे, त्यावर पाण्याचे काही थेंब टाकावेत. मीठ चिखलासारखे ओले व्हावे, विरघळून जाऊ नये. ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत किंवा डब्यात रात्रभर शेजारी ठेवावे. ओल्या मिठाभोवतीची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन स्थिरावते. सकाळी मापक ७३ दाखवत असेल, तर ते दोनने कमी दाखवते असे समजून पुढील प्रत्येक नोंदीत दोन मिळवावेत. सारे उपकरण फसवे निघाले तरी स्वयंपाकघरातले मीठ खोटे बोलत नाही. मोठ्या दाव्यांची शहानिशा अशा साध्या, रोजच्या वस्तूने करता येते, हे मला त्या पेटीने शिकवले.

मामा गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यातच माझी बदली नागपूरला झाली. पेटी सोबत आली, आणि एकाच पेटीची दोन व्रते असतात हे तेव्हा उमगले. रत्नागिरीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात तेथे पाणी घालण्याचा प्रश्नच नसे, आतली ओल शोषून घेणारे सिलिकाचे दाणे ठेवावे लागत. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते. तेथे ओल टिकवण्यासाठी आटापिटा. एका गावी जे औषध, तेच दुसऱ्या गावी विष. अलीकडे क्षारांचे संपृक्त द्रावण भरलेल्या पाकिटांची सोय झाली आहे. ती हवा कोरडी असेल तर ओलावा देतात, दमट असेल तर परत घेतात. देणे आणि घेणे दोन्ही जाणणारी ती पाकिटे मला फार शहाणी वाटतात. तरी त्यांनाही आयुष्य असते. द्रावण आटून आतले दाणे कडक लागले की ती बदलावी लागतात.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, कीड. तंबाखूत एक बारीक तपकिरी भुंगेरा होतो. तो हळद, धने, तिखट यांतही पडतो. त्याची अंडी पानांत आधीपासूनच असू शकतात आणि उष्णता वाढली की फुटतात. म्हणून नागपूरच्या उन्हाळ्याआधी मी सिगार हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर, अशा पायऱ्यांनी उतरवते. एकदम उष्णतेत आणले तर पान तडकते. दुसरी गोष्ट, घाई. कोरडी पडलेली सिगार ओलाव्यात एकदम ठेवली तर बाहेरचे पान आणि आतली भरण सारख्या वेगाने फुगत नाहीत, आणि पान फाटते. तिला आठवडे, कधी महिनेही द्यावे लागतात. वर्षानुवर्षांच्या अबोल्यानंतर माणसाकडे जाताना आपण जसे अंगणातूनच हाक घालतो, तसे हे आहे.

आणि झाकण? ते घट्ट बसावे, पण कायमचे मिटू नये. आठ-पंधरा दिवसांनी ते उघडून पेटीला मोकळी हवा द्यावी लागते, वरच्या सिगार खाली आणि खालच्या वर कराव्या लागतात. जपणे म्हणजे बंद करून विसरणे, अशी आपली एक समजूत असते. पेटीने ती माझ्यापुरती मोडली. विसरलेली वस्तू जपलेली नसते. ती केवळ अजून फेकलेली नसते.

पेट्या माणसांपेक्षा अधिक टिकतात, हेही खरे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना १९६१ साली विनोदी नट मिल्टन बर्ल यांनी सिगारांची एक पेटी भेट दिली होती. पुढच्याच वर्षी केनेडींनी क्युबाच्या मालावर बंदी घातली. आणि त्या हुकुमावर सही करण्याआधी त्यांनी आपल्यासाठी हवाना सिगार मिळवण्यास सांगितले, व त्या बाराशे मिळाल्या, अशी आठवण त्यांचे माध्यम सचिव पिएर सॅलिंजर यांनी सांगितली आहे. १९६३ च्या नोव्हेंबरात केनेडी मारले गेले. १९९६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ती पेटी ५,७४,५०० डॉलरांना विकली गेली. बाराशेंचा साठा करणाऱ्याच्या वाट्याला पुरती दोन वर्षेही आली नाहीत. साठा उद्यावर विश्वास ठेवून केला जातो. उद्या मात्र कोणाचाच साठवता येत नाही.

मग मी या सतरा सिगार का राखते? हा प्रश्न मला मामांच्या नातवाने विचारला. बावीस वर्षांचा हा मुलगा माझ्याकडे नागपूरला आला होता. “आत्या, आजोबांची आठवण म्हणून एक देशील?” मी विचारले, “ठेवायला की ओढायला?” तो प्रामाणिक आहे, म्हणाला, “ओढायला.” मी म्हटले, “ओढायला देणार नाही. तुझ्या आजोबांची बाटली मी तीन वर्षे भरली आहे.” त्यावर त्याने रास्त प्रश्न केला, “ओढायच्याच नाहीत, तर मग ओढण्यासारख्या कशाला ठेवतेस? वाळू दे की.”

त्या क्षणी माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. मी पेटी उघडून त्याच्यापुढे ठेवली. मामा शेवटच्या वर्षांत माझ्याकडे येत तेव्हा नेमके हेच करीत: झाकण उघडून वास घेत, एखादी सिगार दोन बोटांत हलकेच दाबून पाहत, आणि झाकण लावून टाकीत. नातवानेही वास घेतला. जुने लाकूड, ओली माती, थोडे कोको, थोडा गोठा, असे काहीतरी. त्या रात्री आम्ही दोघांनी मिठाची परीक्षा लावली. सकाळी मापकाने ७३ दाखवले. त्याने ते माझ्या वहीत तारखेसह लिहिले. त्या वहीत रत्नागिरीपासूनच्या नोंदी आहेत. पहिल्या काही नोंदी मामांच्या थरथरत्या अक्षरात आहेत. तो बराच वेळ ती पाने चाळत राहिला. नंतर त्याने सिगार मागितली नाही. पण आता दर महिन्याला त्याचा फोन येतो आणि इकडच्या-तिकडच्या गोष्टी संपल्या की तो विचारतो, “किती आहे?”

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे सुचले, ते तुम्हांला सांगते. या सिगार कोणी ओढू नयेत असे मला वाटते, आणि त्या ओढण्याजोग्या राहाव्यात असेही वाटते. या दोन इच्छा एकमेकींना छेदतात हे मला कळते. पण वाळलेली सिगार ही मामांची सिगार नव्हे. तो तपकिरी कस्पटांचा दांडा आहे. एखाद्या माणसाची आठवण राखायची तर ती त्याच्या दोषासकट, त्याच्या आवडीसकट, तिचा वास जिवंत ठेवून राखावी लागते. नुसते कौतुक करीत गेलो तर आठवण सादळते. तिच्यावर गोड बोलण्याची बुरशी चढते. नुसता हिशेब मांडत गेलो, ‘तंबाखूने मेले’ एवढेच म्हणत राहिलो, तर ती वाळून तडकते. मामांना तंबाखूने नेले, हे खरे. रविवारी पडवीत बसून ते हवानाच्या वाचकाची गोष्ट सांगत आणि आम्ही मुले त्या निळसर धुरापासून थोडे दूर, पण ऐकू येईल इतके जवळ बसत असू, हेही तितकेच खरे. दोन्ही खऱ्या गोष्टी एका पेटीत राहतील असे माप सांभाळणे, हे माझे काम आहे.

तुमच्याही घरी असे काहीतरी असेल. आजोबांची बाडे असतील, आईची पैठणी असेल, तंबोरा असेल, किंवा एखादी बरणीतली गोष्ट, जी दरवर्षी मुरत गेली. ती कोठे आहे ते आज जाऊन पाहा. तिला ऊन लागते का, ओल लागते का, वारा मिळतो का, हे विचारा. आणि शक्य असेल तर तारीख घालून एका वहीत लिहून ठेवा. पुढे कोणीतरी ते अक्षर पाहील. माझ्या वहीतील शेवटची नोंद या रविवारची आहे: सहासष्ट. पाकिटे अजून मऊ आहेत. मृगाच्या पहिल्या सरीनंतर ती बदलायची का, हे तेव्हा पाहीन.